लटकत्या बोजाखालचा माणूस

१९४८ च्या कारखाने कायद्यात कलम २८ आणि कलम २९ एकापाठोपाठ येतात. दोन्ही कलमे वजन वर नेणाऱ्या यंत्रांची आहेत. कलम २८ लिफ्टचे. लिफ्ट माणसे नेणारी असेल तर तिचा पाळणा किमान दोन स्वतंत्र दोरांना किंवा साखळ्यांना जोडलेला हवा, त्यातला प्रत्येक दोर एकट्याने भरल्या पाळण्याचे वजन पेलणारा हवा, आणि दोर तुटलेच तर पाळणा जागच्या जागी अडवून धरणारी यंत्रणा हवी. तपासणी दर सहा महिन्यांनी. कलम २९ क्रेनचे, चेनपुलीचे, साखळ्या आणि दोरांचे. इथे कायदा सांगतो की बांधणी मजबूत असावी, सक्षम व्यक्तीने बारा महिन्यांतून एकदा कसून तपासणी करावी, किती वजन उचलायचे तो आकडा यंत्रावर ठळक लिहावा आणि नोंदवहीत चढवावा, त्यापेक्षा जास्त वजन लावू नये. जवळपासच्या माणसाची दखल एकदाच घेतली आहे: क्रेनच्या रुळांवर किंवा रुळांलगत कोणी काम करत असेल, तर क्रेन त्याच्या सहा मीटरच्या आत येणार नाही अशी तजवीज करावी. हूकला लटकलेल्या मालाखाली कोणी उभा असेल तर काय, याबद्दल या कलमात एक ओळही नाही.

लिफ्टमध्ये बसणाऱ्या माणसासाठी कायदा धरून चालतो की दोर कधीतरी तुटणार. बोजाखाली उभ्या असणाऱ्या माणसासाठी तोच कायदा धरून चालतो की दोर नीट तपासला असेल तर तुटणार नाही. दोर तोच, लोखंड तेच, गुरुत्वाकर्षण तेच. मग गृहीतक का बदलले? हा फरक अभियांत्रिकीतून आलेला नाही, असे माझे म्हणणे आहे. तो इतिहासातून आला. अवजड माल उचलण्याच्या सुरक्षेचा इतिहास साधारणपणे मजबूत होत गेलेल्या साखळ्यांचा, दोरांचा आणि यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो खोटा नाही, पण अर्धा आहे. माणसांचे जीव खरोखर वाचले ते जिथे बोजाखालच्या माणसाला तिथे का उभे ठेवले हा प्रश्न विचारला गेला तिथे. आणि हा प्रश्न विचारायला फार उशीर झाला, कारण तो माणूस बहुतेक वेळा हजेरीवरचा मजूर होता.

आधी साखळीबद्दल, कारण सुरुवात तिथून झाली. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशात जर्मनीतल्या हार्त्स पर्वतातल्या खाणींत खनिज वर ओढायला लोखंडी साखळ्या वापरत. त्या साखळ्या पेलवेल इतक्याच वजनाखाली अचानक तुटत. खाणअधिकारी विल्हेल्म आल्बेर्टने याचा छडा लावण्यासाठी साखळीवर पुन्हा पुन्हा वजन देऊन पाहिले. त्याला दिसले ते असे की एका मोठ्या ताणाने न तुटणारे लोखंड हजारो छोट्या ताणांनी तुटते. साखळीचा दोष हा की तिच्यात एक कडी गेली की सगळे गेले, आणि जाणारी कडी आधी काही सांगत नाही. १८३४ मध्ये आल्बेर्टने क्लाउस्टालच्या खाणीत तारा पिळून केलेला दोर वापरात आणला. त्या दोरातली एखादी तार तुटली तरी बाकीच्या तारा बोजा धरून ठेवतात, आणि तुटलेल्या तारेचे टोक बाहेर येऊन दिसते, हाताला टोचते. दोर तुटण्याआधी खबर देतो. वजन उचलण्याच्या साधनांत झालेली ही सगळ्यात मोलाची सुधारणा आहे असे मला वाटते, कारण ती निव्वळ ताकद वाढवून थांबली नाही; धोका डोळ्यांना दिसेल असा केला.

वीस वर्षांनी न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात एलिशा ओटिस मालवाहू पाळण्यावर उभा राहिला आणि त्याने वरचा दोर कापायला लावला. पाळणा किंचित खाली आला आणि थांबला. गाडीच्या कमानीसारखी एक स्प्रिंग दोराच्या ताणाने वाकलेली असायची. ताण गेला की ती सरळ होऊन दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत अडकायची. हे १८५४ साल. दोर तुटणार असे धरून यंत्र बांधायचे, हा विचार तेव्हापासून लिफ्टमध्ये रुजला आणि शतकभराने आपल्या कलम २८ मध्ये उतरला. गंमत नव्हे, तर खेदाची गोष्ट ही की ओटिसचे मूळ यंत्र मालासाठीच होते. पण पैसे देऊन वर जाणाऱ्या ग्राहकाला भरवसा देण्याची गरज पडली आणि शोध माणसांच्या लिफ्टकडे वळला. क्रेनच्या हूकखाली उभ्या असलेल्याला भरवसा देण्याची कोणाला गरज वाटली नाही.

न्यायालयांत काय घडत होते ते पाहिले की हा फरक आणखी ठळक होतो. १८६३ मध्ये इंग्लंडमध्ये बर्न विरुद्ध बोडल हा खटला उभा राहिला. लिव्हरपूलमध्ये रस्त्याने चाललेल्या एका माणसावर पिठाच्या व्यापाऱ्याच्या वखारीतून खाली उतरवले जाणारे पिंप पडले. पिंप कसे निसटले हे त्याला सिद्ध करता येईना, म्हणून खालच्या पातळीवर दावा फेटाळला गेला. वरच्या न्यायालयाने तो उचलून धरला: वखारीतून पिंप आपोआप रस्त्यावर पडत नसते, घटनाच निष्काळजीपणा सांगते, तेव्हा खुलासा करायचा तो व्यापाऱ्याने. दोनच वर्षांनी, लंडनच्या गोदीत एका कस्टम अधिकाऱ्यावर क्रेनमधून साखरेची पोती कोसळल्याच्या खटल्यात, हे तत्त्व पक्के झाले. आज जगभरच्या न्यायालयांत, आपल्याकडेही, ज्या तत्त्वाच्या आधारे जखमी माणसाला पुराव्याच्या ओझ्यातून सवलत मिळते, त्याचा जन्म असा लटकत्या मालातून झाला आहे. पण तो वाटसरूसाठी आणि सरकारी अधिकाऱ्यासाठी झाला. तेच पिंप वखारीतल्या हमालावर पडले असते तर?

तर त्याला दोन दारे बंद होती. पहिले दार १८३७ च्या प्रिस्टली विरुद्ध फाउलर या खटल्याने बंद केले होते. तिथून पुढे असे ठरत गेले की सोबतच्या कामगाराच्या चुकीने इजा झाली तर मालक जबाबदार नाही, कारण नोकरी धरताना तो धोका नोकराने पत्करलेलाच असतो. वजन उचलण्याचे काम एकट्याचे कधीच नसते. एक जण बोजा बांधतो, एक इशारा देतो, एक विंच चालवतो, एक खाली थांबून तो उतरवून घेतो. म्हणजे इथे जवळपास प्रत्येक अपघात सोबत्याच्याच हातून होणार. दुसरे दार म्हणजे संमती: धोका डोळ्यांसमोर होता, तरी तू काम करत राहिलास, म्हणजे तो तुला मान्य होता. हे दार १८९१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने उघडले, आणि तो खटला या इतिहासाचा खरा मध्य आहे.

स्मिथ विरुद्ध बेकर. रेल्वेमार्गासाठी खडक फोडण्याचे काम चालू होते. फिर्यादी मजूर खडकात धरलेल्या पहारीवर नजर रोखून बसायचा, सोबती तिच्यावर घण मारायचे. वरून क्रेन दगड उचलून न्यायची आणि ते दगड अधूनमधून त्यांच्या डोक्यावरून फिरायचे. इशारा कोणी देत नसे. पहारीवर नजर ठेवावी तर वर बघता येत नाही, वर बघावे तर घण हातावर बसणार. एक दिवस दगड निसटून त्याच्यावर पडला. त्याला धोका ठाऊक होता हे त्याने स्वतःच कबूल केले. ज्युरीने शंभर पौंड दिले, अपील न्यायालयाने ते काढून घेतले, आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने बहुमताने परत दिले. लॉर्ड ब्रॅमवेल तेवढे विरोधात गेले. धोका माहीत असून जो काम करतो त्याने परिणामही सोसावे, ही त्यांची आयुष्यभराची भूमिका होती. बहुमताने म्हटले ते थोडक्यात असे: माहीत असणे म्हणजे मान्य असणे नव्हे. पोटासाठी माणूस धोक्याखाली उभा राहतो, एवढ्याने तो धोका त्याचा होत नाही; त्याच्या डोक्यावरून दगड फिरवायची पद्धत ज्याने पाडली, त्याचा तो आहे. या खटल्यात साखळी कशी होती हा वाद मुख्य नव्हताच. ती उत्तम असती तरी प्रश्न उरलाच असता: दगड त्याच्या डोक्यावरून का नेला?

मुंबईच्या गोद्या नेमक्या याच काळात उभ्या राहिल्या. पोर्ट ट्रस्ट १८७३ मध्ये स्थापन झाला, प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये आणि व्हिक्टोरिया डॉक १८८८ मध्ये सुरू झाला, अलेक्झांड्रा डॉक, आजचा इंदिरा डॉक, १९१४ मध्ये. धक्क्यावर पाण्याच्या दाबाने चालणाऱ्या याऱ्या होत्या. विल्यम आर्मस्ट्राँगने १८४६ मध्ये न्यूकॅसलच्या धक्क्यावर अशी पहिली यारी उभी केली होती. यंत्र इंग्लंडचे आले, खटल्यांतून निघालेली समज मात्र बोटीतून उतरली नाही. माणसे कोकणातून आणि घाटावरून आली. धक्क्यावरच्या मजुरांची भरती टोळीवाल्यांमार्फत आणि बोटीवरच्यांची सारंगांमार्फत होई. बोट लागली की काम, गेली की घरी. आज कोणाला घ्यायचे हे टोळीवाला ठरवणार, उद्याही तोच ठरवणार. १९२९ ते १९३१ या काळात काम करणाऱ्या कामगारविषयक व्हिटली आयोगाने मुंबईच्या गोदीतल्या या पद्धतीची दखल घेतली आणि गोदी कामगारांच्या रोजगारातली ही अनिश्चितता दूर करण्याची शिफारस केली.

बोटीच्या पोटात हे काम कसे चाले ते नीट डोळ्यांसमोर आणले पाहिजे. वर डेकवर हॅचच्या कडेला इशारा देणारा उभा. विंचवाल्याला खालचे काही दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त इशारा देणाऱ्याचा हात आणि ऐकू येते ती हाक. हाबेस म्हटले की वर, आरिया म्हटले की खाली. खाली आठ-दहा माणसे पोती रचून त्यांना दोर घालतात, दोराची टोके हूकमध्ये अडकवतात आणि बाजूला सरकतात. बाजूला म्हणजे किती? हॅचच्या चौकटीच्या थेट खालून निघून कडेच्या अंधाऱ्या भागात गेले तर पोते निसटले तरी जीव वाचतो. पण पुढचा दोर तयार ठेवायचा तर चौकटीतच थांबावे लागते. एका फेरीला लागणारा वेळ आणि त्या चौकटीतले अंतर यांचा थेट संबंध आहे. बोट लवकर सुटावी म्हणून जो कोणी वेळ कमी करतो, तो खालच्या माणसांना चौकटीच्या मध्याकडे ओढतो, मग त्याने तसा हुकूम दिलेला असो वा नसो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२९ मध्ये बोटींवर माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांच्या सुरक्षेचा करार केला आणि १९३२ मध्ये तो सुधारून घेतला. त्याच १९२९ साली आणखी एक छोटा, पण मला फार शहाणपणाचा वाटणारा करार झाला: बोटीने जाणाऱ्या हजार किलो किंवा त्याहून जड प्रत्येक नगावर त्याचे वजन बाहेरून लिहिलेले असले पाहिजे. उचलणाऱ्याला आपण काय उचलतो आहोत हे कळण्याचा हक्क त्यातून मिळाला. भारताने हा करार १९३१ मध्येच मान्य केला. १९३२ च्या करारात तर इतके तपशील आहेत की ते लिहिणाऱ्यांनी गोदी जवळून पाहिली होती हे उघड आहे. साखळ्या ठरावीक मुदतीने भट्टीत तापवून मऊ करून घ्याव्यात, गाठ मारून साखळी आखूड करू नये, आणि तारेच्या दोराच्या जाडीच्या आठपट लांबीत दिसणाऱ्या तुटक्या तारा एकूण तारांच्या दहा टक्क्यांवर गेल्या तर तो दोर वापरू नये. हे शेवटचे कलम प्रत्यक्षात असे: वीस मिलिमीटर जाडीचा दोर, त्यात सहा पेड, प्रत्येक पेडात १९ तारा, म्हणजे ११४. विताहून कमी लांबीत, १६० मिलिमीटरांत, बारावी तुटकी तार दिसली की दोर बाद. आल्बेर्टचा दोर जी खबर देत होता ती ऐकण्याचे बंधन इथे कायद्याने घातले.

या करारावर बेतलेला भारतीय गोदी कामगार कायदा १९३४ मध्ये मंजूर झाला. अमलात आला १९४८ मध्ये. मधली चौदा वर्षे तो कागदावर होता. या चौदा वर्षांत १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन बोटीचा स्फोट झाला. तो आजही आठवला जातो, त्यात गेलेल्या ६६ अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो, आणि ते योग्यच आहे. पण हॅचखाली एकेकट्याने मेलेल्यांची आठवण ठेवायला सप्ताह नाही. कायदा चौदा वर्षे थांबू शकला याचे एक कारण मला यातच दिसते. लटकता बोजा पडतो तेव्हा एखाद-दुसरा जातो, शहर हादरत नाही, आणि दुसऱ्या दिवशी टोळीवाल्याच्या दारात बदली माणूस उभा असतो.

यावर पहिला आक्षेप अभियंत्यांचा येईल आणि तो गंभीर आहे. बोजा पडूच दिला नाही तर खाली कोण आहे याने काय फरक पडतो? दोर झेपणाऱ्या वजनाच्या चार ते सहा पट ताकदीचा घेतात. एवढी सवड असताना माणसे हटवण्याचा खर्च कशाला? याचे उत्तर अभियांत्रिकीच देते. एक टन वजनाची पेटी दोन दोरांनी उचलायची आहे. दोर सरळ उभे असतील तर प्रत्येकावर अर्धा टन. दोर आखूड पडले म्हणून पसरट बांधले आणि त्यांच्यातला कोन १२० अंशांचा झाला, की प्रत्येक दोरावर पुरता एक टन येतो. पेटी तीच, पण ताण दुप्पट. बोजा एकदम लावला, विंचने हिसका दिला, की तो आणखी दुप्पट. वर पेटीच्या धारदार कडेवर दोर दुमडला, शॅकलची पिन नीट बसली नाही, पेटीचे वजन चुकीचे सांगितले, तर हातातली सवड कुठे गेली हे कळतही नाही. शिवाय कितीतरी वेळा दोर तुटतच नाही. पट्ट्यातून माल निसटतो, पोते फाटते, बोजा झुलून माणसाला भिंतीशी चिरडतो. कारखान्यात तपासून आलेल्या दोराचा दाखला त्या दोराबद्दल बोलतो. आज, या मालासाठी, या कोनात तो कसा बांधला याबद्दल तो दाखला मुका आहे. मजबुतीचा मी विरोधक नाही. मजबुती आवश्यक आहे, पण माणूस खाली ठेवायचा परवाना म्हणून ती वापरली गेली, त्याला माझा विरोध आहे.

दुसरा आक्षेप जुना आहे आणि आजही कारखान्यांच्या कचेऱ्यांत सर्वाधिक ऐकू येतो: कामगारच ऐकत नाहीत, सांगून सांगून थकलो तरी क्रेनखाली जातात. याला शास्त्राचा आधार मिळाला तो १९३१ मध्ये, एच. डब्ल्यू. हाइनरिख या अमेरिकी विमा कंपनीतल्या अधिकाऱ्याच्या पुस्तकाने. ८८ टक्के अपघात माणसाच्या असुरक्षित कृतीमुळे होतात, असा त्याचा निष्कर्ष होता, आणि तो आकडा पुढे अर्धे शतक भिंतींवर लागला. पण हाइनरिखने आधार घेतला होता विम्याच्या दाव्यांचा आणि कारखानदारांकडच्या नोंदींचा. म्हणजे अपघाताचे कारण आधी मुकादमाने किंवा मालकाने लिहिले होते. बोजाखाली गेला, निष्काळजी होता, असे लिहून नोंद बंद होते. तो खाली का गेला, पुढचा दोर कोणी मागितला होता, बोट किती वाजता सोडायची होती, हे त्या रकान्यात मावत नाही. आपल्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातही सुरक्षेचा स्पष्ट नियम हेतुपुरस्सर मोडल्याचे दाखवून, मृत्यू झालेला नसेल तर, भरपाई नाकारायची वाट ठेवली होती. सोबत्याच्या चुकीची ढाल मात्र १९३८ च्या मालक दायित्व कायद्याने काढून घेतली. कामगार चुकत नाहीत असे मी म्हणत नाही. थकलेला माणूस चुकतो, घाईतला माणूस चुकतो, नवखा तर चुकणारच. म्हणूनच चूक झाली तरी जीव जाऊ नये अशी रचना लागते, आणि लिफ्टमध्ये बसणाऱ्यासाठी ती १८५४ पासून उपलब्ध आहे.

मग मुंबईच्या गोदीत खरा बदल कशाने झाला? माझ्या मते १९४८ मध्ये अमलात आलेल्या साखळी-दोरांच्या नियमांइतकेच श्रेय त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याला आहे, ज्याच्या नावात सुरक्षा हा शब्दच नाही: गोदी कामगार रोजगार नियमन कायदा. त्याखाली १९५१ मध्ये मुंबईची योजना आली, डॉक लेबर बोर्ड उभे राहिले, कामगारांची नोंदणी झाली आणि काम नसलेल्या दिवशी हजेरीचा पैसा मिळू लागला. पी. डिमेलो यांच्यासारख्या नेत्यांच्या संघटनेने यासाठी दीर्घ लढा दिला होता. टोळीवाल्याच्या मर्जीवर असलेला माणूस फाटका दोर पाहून गप्प राहतो, कारण बोलला तर उद्याची हजेरी जाते. नोंदवहीत नाव असलेला माणूस हा दोर बदला म्हणू शकतो. १९३२ च्या करारातली ती बारावी तुटकी तार बहुतेक वेळा तपासनिसाच्या नव्हे, बांधणाऱ्या खलाशाच्या हाताला आधी लागते. तिची खबर वर पोहोचायची असेल तर खबर देणाऱ्याची नोकरी टिकली पाहिजे. इथे कोणी म्हणेल की बोर्ड आल्यावरही गोदीत माणसे मेलीच, आणि नगावर मजुरी सुरू झाल्यावर तर कामगारांनी स्वतःच घाई केली. हे खरे आहे. नगावरची मजुरी माणसाला पुन्हा चौकटीच्या मध्याकडे ओढते. फरक एवढाच की आता दोर त्याच्याच हातात असतो. पण त्यातून सिद्ध होते ते हेच की बोजाखालची जागा मजुरीच्या पद्धतीने ठरते, साखळीच्या दर्जाने नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत बळकट आहे: गोदीतला प्रश्न शेवटी कायद्याने नव्हे, कंटेनरने सोडवला. २६ एप्रिल १९५६ रोजी आयडियल एक्स ही बोट नेवार्कहून ५८ पेट्या घेऊन ह्यूस्टनला निघाली. तेहेतीस वर्षांनी, १९८९ मध्ये, न्हावाशेवा बंदर सुरू झाले आणि मुंबईचा पेट्यांतला माल खाडीपलीकडे गेला. पेटीच्या चार कोपऱ्यांत क्रेनची चौकट आपोआप अडकते. पोत्यांना दोर घालणारी आठ-दहा माणसे हॅचखाली लागतच नाहीत. हे सगळे कबूल. पण कंटेनरने नेमके काय केले ते पाहा. पेटीही पडू शकते, दोरही तोच तारेचा. कंटेनरने माणूस खालून काढला. तो माणसाच्या जिवासाठी नव्हे, बोटीचा बंदरातला खर्च वाचवण्यासाठी काढला, आणि त्याबरोबर त्याची नोकरीही गेली, ही त्याची दुसरी बाजू. तरी माझ्या मुद्द्याला याहून मोठा पुरावा नको. शतकभर अशक्य म्हणून सांगितलेली गोष्ट, बोजाखाली माणूस नसणे, नफा दिसताच काही दशकांत शक्य झाली.

जिथे तसा नफा दिसत नाही तिथे माणूस अजून खालीच आहे. बांधकामावर आणि पुलांच्या कामावर तो आजही बोजाखालीच असतो, आणि पुन्हा कंत्राटदाराच्या मार्फत आलेला असतो. १ ऑगस्ट २०२० रोजी विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डमध्ये वजनाची चाचणी चालू असताना क्रेन कोसळली आणि ११ जण गेले. त्यांत कंत्राटी कामगारही होते. चाचणी म्हणजे यंत्र पुरेसे मजबूत आहे की नाही हे अजून ठरायचे आहे असा क्षण. बरोबर तीन वर्षांनी, ३१ जुलै आणि १ ऑगस्ट २०२३ यांच्या मधल्या रात्री, शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारी अवजड यंत्रणा गर्डरसकट खाली आली. वीस जण मेले, बरेचसे परप्रांतातून आलेले. दोन्ही ठिकाणी चर्चा यंत्राच्या दोषाची झाली, आणि ती व्हायलाच हवी. पण ते यंत्र भार घेत असताना किती माणसांची तिथे असण्याची खरोखर गरज होती, हे कोणी आधी मोजले होते का, हा प्रश्न तितक्या जोराने विचारला गेला नाही.

ब्रिटनने १९९८ मध्ये वजन उचलण्याबद्दल नवे नियम केले. त्यांत साधनांची तपासणी आहेच, पण वेगळे कलम उचलण्याच्या प्रत्येक कामाबद्दल आहे: सक्षम माणसाने आधी आराखडा करावा, देखरेख असावी, काम सुरक्षित रीतीने व्हावे. स्मिथच्या डोक्यावरून दगड गेला त्याला तोवर शंभराहून अधिक वर्षे झाली होती. आपल्याकडे गोदी कामगारांसाठी १९८६ मध्ये नवा कायदा आणि १९९० मध्ये त्याचे विनियम आले, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत कारखाने, गोद्या आणि बांधकाम यांचे जुने कायदे एकत्र केले गेले. एकत्र करताना संधी होती आणि नियम, मानके ठरवताना ती पुढेही आहे. लिफ्टसाठी दोन दोर मागणाऱ्या कायद्याने बोजाखालच्या माणसासाठी निदान दोन गोष्टी मागाव्यात. एक, बोजा जमीन सोडण्याआधी तो ज्या वाटेने जाणार ती वाट रिकामी केल्याची लेखी नोंद, आणि त्या नोंदीवर उचलण्याचा हुकूम देणाऱ्याचे नाव. दोन, इशारा देणाऱ्याला, मग तो कोणत्याही कंत्राटदाराचा असो, काम थांबवण्याचा अधिकार आणि थांबवल्याबद्दल त्याची हजेरी कापली जाणार नाही याची हमी. साखळीचा क्रमांक, चाचणीची तारीख आणि झेपणारे वजन या गोष्टी नोंदवहीत आजही लिहिल्या जातात. त्याच पानावर ही दोन कलमे चढवायला नवे यंत्र लागत नाही.